सोवळ्यातलं तोंड

माझ्या वडिलांची चूळ ऐकण्यासारखी असायची. आधी गालातल्या गालात खळखळ, मग मान मागे टाकून घशात घर्रर्र, आणि शेवटी मोरीत एक लांब पिचकारी. ग्वाल्हेरात हरिशंकरपुरमच्या आमच्या घराची मागची भिंत आणि शेजाऱ्यांची भिंत एकच आहे. त्यांची सून सकाळी या आवाजावर गॅस पेटवायची. "अंकल का कुल्ला हो गया, अब उठो सब," असं ती घरात ओरडलेलं आम्हाला इकडे ऐकू यायचं.

चहा झाला की चूळ. बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला की चूळ. लग्नाच्या पंगतीत आइस्क्रीम खाल्लं तरी हे कप टाकून आधी नळ शोधणार. लोकांना वाटायचं आजोबांना मळमळतंय. "तोंड उष्टं ठेवून माणूस बोलतो तरी कसा?" असं ते विचारायचे, आणि त्यांचा रोख बहुधा माझ्याकडे असायचा. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथे दरबाराची पूजाअर्चा सांभाळायला आले. दरबार गेला, पूजा गेली, वडील सिंचन खात्यातून निवृत्त झाले, आणि त्या सगळ्या वैभवातली आमच्या घरात शेवटी एवढी चूळ उरली.

दात मात्र त्यांचे यथातथाच होते. ब्रश त्यांनी आयुष्यात हातात धरला नाही. "तोंडात काय झाडू घालायचा?" बोटाने लाल मंजन फिरवायचं आणि मग चूळ, चूळ, चूळ. ऐंशी ओलांडेपर्यंत पुढचे चार आणि मागचे काही, असे ओळखीपाळखीचे दात राहिले होते. तेही हलायचे. पण हलणारे का असेनात, स्वच्छ आहेत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मलाही नव्हती. मी एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, हे इथेच सांगून टाकतो. पुढे कुणी विचारायला नको.

गेल्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं, आणि त्याबरोबर गिळणंही गेलं. मुरारच्या एका इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना चमचाभर पाणी पाजून पाहिलं. पाणी पोटाऐवजी छातीकडे निघालं आणि वडील खोकून खोकून निळे पडले. मग नाकातून पोटात एक बारीक नळी घातली. आता अन्न, औषध, पाणी सगळं तिच्यातून. तोंडाने काही नाही.

"हमेशा के लिए?" मी विचारलं.

"छाती साफ रही तो कुछ हफ्तों में फिर जाँच करेंगे," डॉक्टर म्हणाले. "निगल पाए तो पहले गाढ़ी चीजें देंगे. फिर धीरे-धीरे चाय-वाय भी."

वडील डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटलं झोपलेत. पण तो एक शब्द त्यांनी बरोबर उचलला. वाकड्या ओठांतून म्हणाले, "च्या."

तेव्हापासून आमच्या घरात सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं. छाती साफ राहिली तर चहा. नाहीतर नाही.

घरी आणल्यावर आम्ही कामं वाटून घेतली. बायको खिमटी शिजवायची, वाटायची, दोनदा गाळायची आणि नळीतून हळूहळू सोडायची. माझ्याकडे कूस बदलणं, अंग पुसणं आणि लंगोट. या कामात मी इतका तरबेज झालो की मला थोडा गर्वच चढला. कुणी भेटायला आलं की मी वडिलांना कुशीवर करून त्यांची पाठ दाखवायचो. "बघा, एक फोड नाही!" वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले, पाहुणे हातात केळी घेऊन अवघडलेले, आणि मी बक्षीस मिळालेल्या मुलासारखा उभा.

तोंडाचं काम कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. इस्पितळातून निघताना परिचारिकेने शंभर सूचना दिल्या होत्या, त्यात "मुँह भी साफ करते रहना" ही एक होती. मी एकदा ओला बोळा घेऊन गेलोही. वडिलांनी दात आवळले आणि डाव्या डोळ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बावन्न वर्षांचा माणूस बोळा पाठीमागे लपवून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी लश्कर भागातून आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण. आमच्याकडच्या धार्मिक बाबींत शेवटचा शब्द तिचा असतो, आणि अधार्मिक बाबींतही. मी बोळ्याची हकिगत सांगितली.

"दादा काही खातोय का?" तिने विचारलं.

"नाही."

"चहा? दूध?"

"नाही गं आत्या, सगळं नळीतून. तोंडाला काही लागतच नाही."

"मग घासायचं काय, तुझं डोकं? खाल्लं तर उष्टं होणार ना! अरे, एकादशीलासुद्धा माणूस साबुदाणा चापतो. दादा तेवढंही करत नाहीये. त्याचं तोंड आता सोवळ्यात आहे."

आम्ही हसलो. वडीलही अर्ध्या तोंडाने हसल्यासारखे वाटले. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना पटलंच. आमच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. खाणं तोंड विटाळतं, पाणी ते सोडवतं. जे तोंड खातच नाही त्याला काय धुणार? देवाच्या खोलीत कुणी झाडू मारतं का रोज? म्हणजे, मारतात, पण तो मुद्दा तेव्हा सुचला नाही.

मग खोलीत वास येऊ लागला. आधी आम्ही तो नळीचा ठरवला, मग गादीचा, मग शेजारच्या गटाराचा. मी महापालिकेला फोन केला. उदबत्त्या लावल्या. आमची मुलगी कॉलेजात आहे; ती मराठीत सुरू करते आणि हिंदीत उतरते. ती एक दिवस दारातच नाक धरून म्हणाली, "पप्पा, हा वास ना, आजोबांच्या मुँह से आ रहा है. पक्का."

"काहीतरीच काय. ते काही खातच नाहीत."

त्याच आठवड्यात वडिलांना ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली. चुळीच्या घर्रर्रसारखीच, पण थांबेना.

इस्पितळात डॉक्टरांनी चमच्याने त्यांचा जबडा उघडला आणि विजेरी मारली. मीही वाकून पाहिलं. टाळूला तपकिरी साल धरली होती, दुधावरची जुनी साय वाळावी तशी. दातांच्या मुळाशी पिवळट चिकटा. जीभ शेवाळलेल्या फरशीसारखी.

"सर, आप लोग इनका मुँह साफ नहीं करते?"

मी जे खरं ते सांगितलं. "जी, ये तो कुछ खाते ही नहीं."

डॉक्टरांनी विजेरी बंद केली. त्यांनी 'आप क्या पढ़ाते हैं' असं विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. एवढंच म्हणाले, की तोंडातली ही सगळी घाण लाळेबरोबर छातीत उतरते आहे. औषधं मी देतो, पण आधी एखाद्या दातांच्या डॉक्टरला गाठा आणि हे साफ कसं ठेवायचं ते शिकून या.

ताप उतरून वडील घरी आले, तसा मी किला गेटजवळच्या एका दवाखान्यात गेलो. खाली चपलांचं दुकान, वर दातांची डॉक्टर. वयाने माझ्या विद्यार्थिनीसारखी, बोलायला माझ्या हेडमास्तरांसारखी.

"कुल्ला तो वो बहुत करते थे," मी वडिलांची बाजू मांडली. "दिन में पंद्रह-बीस बार."

"अंकल, कुल्ले से खाना निकलता है. ये खाना नहीं है," ती म्हणाली. "आपने सुबह ब्रश किया था?"

"जी, बिलकुल."

"मुँह खोलिए."

तिने कापसाने माझ्या दातांवर कसलासा गडद रंग फिरवला, थुंकायला लावलं, पाणी दिलं आणि आरसा हातात ठेवला. मी आरशात हसलो आणि तिथेच हसू आवरलं. दाताच्या मधला भाग पांढरा; पण हिरडीच्या कडेने, फटींमध्ये, मागच्या दाढांवर सगळीकडे जांभळं. जिथे जिथे थर होता तिथे तिथे रंग धरून बसला होता. मी सकाळी आवाज करून, फेस काढून, गाणं म्हणत घासलेले दात होते हे.

मग तिने समजावून सांगितलं. दात घासून झाला की लगेच त्यावर लाळेचा एक पापुद्रा बसतो. त्यावर जंतू येऊन टेकतात. सुटे असतात तोवर ठीक, पाण्याने जातात. पण टेकले की ते आपल्याभोवती चिकट लुकण तयार करतात आणि त्यात घर करतात. त्यांच्यावर दुसऱ्या जातीचे येऊन बसतात, त्यांच्यावर तिसऱ्या. एकाने टाकलेलं दुसरा खातो. थरात पाणी खेळायला बारीक वाटासुद्धा असतात. आमच्या कॉलनीची ड्रेनेज लाइन अजून पुरी व्हायची आहे, हे मला उगाच आठवलं. थर जाड झाला की औषध वरच्यावर राहतं, तळातले सुखरूप असतात.

"छत पर पानी डालने से मकान गिरता है क्या?" ती म्हणाली. "रगड़ना पड़ता है. रोज. क्योंकि रोज वापस बनता है."

"लेकिन पिताजी तो कुछ खाते नहीं."

"इसीलिए तो! हम चबाते हैं, बोलते हैं, जीभ चलती है, लार बहती है, तो थोड़ी सफाई अपने आप होती रहती है. उनका सब बंद है. खाली मुँह सबसे गंदा मुँह होता है, अंकल."

ते वाक्य मी जिना उतरेपर्यंत मनात म्हणत होतो. आमच्या घराण्याचं सगळं तत्त्वज्ञान तिने एका ओळीत उलटं करून ठेवलं होतं. वरून मला सांगितलं होतं की माझ्याही हिरड्यांतून रक्त येतंय, आणि मला मधुमेह आहे हे कळल्यावर, की ही दोन्ही दुखणी एकमेकांना बिघडवतात. खाली चपलांच्या दुकानात माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील उभे होते. माझे जांभळे ओठ पाहून म्हणाले, "अरे सर! आपने भी पान शुरू कर दिया?" मी मान हलवली. खरं काय ते सांगण्यापेक्षा पान बरं होतं.

घरी येऊन मी जाहीर केलं, "खाली मुँह सबसे गंदा होता है."

आत्या पलंगाशी बसली होती. तिचं हिंदी तिला हवं तेव्हा कच्चं होतं. "खाली कशाला? तीन उशा दिल्यात. चांगलं वर आहे तोंड."

"रिकामं, आत्या, रिकामं! रिकामं तोंड घाण होतं म्हणे."

"म्हणजे उपास करणारे सगळे घाणेरडे?" ती म्हणाली. पण मग वडिलांकडे पाहिलं आणि त्यांची उशी सरळ केली.

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. लहान मुलांचा मऊ ब्रश आणला. दांड्यावर ससा होता. उशा वाढवायच्या, मान कडेला वळवायची, ब्रश नुसता ओलसर करायचा, पाणी ठिबकू द्यायचं नाही. दात झाले की बोटाला गॉज गुंडाळून टाळू, गाल, जीभ पुसून घ्यायची, शेवटी औषध लावायचं. ऐकायला सोपं. पहिल्याच दिवशी वडिलांनी माझं बोट चावलं. चार दातांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मी ओरडलो, बायको धावत आली आणि म्हणाली, "अहो, हळू! त्यांना लागलं का?"

एकदा मला शाळेतून यायला उशीर होणार होता, म्हणून मुलीला फोनवर सांगितलं, "ते औषध हिरड्यांना लाव." मी घरी आलो तर ती स्वयंपाकघरात खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. तिच्या आईच्या औषधांच्या डब्यातले काळे हिरडे.

"मसूडे बोलो ना पप्पा! हिरड्या मतलब मला वाटलं हेच. याला औषध लावायचं, मग वो आजोबांना द्यायचं."

ग्वाल्हेरात आमच्या मराठीचा हा तळ आहे. आता तिला रागवायलाही मला हिंदीच सोपी पडते.

पण मला हसू येईनासं झालं ते दुसऱ्याच कारणाने. ब्रश फिरवून झाला की वडील गाल फुगवायचे. रोज. दात घासले म्हणजे आता पाणी येणार, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं. गाल फुगवून ते डावा हात पुढे करायचे, आणि तो हात पेल्याच्या मापाने वळलेला असायचा. मी त्यात पेला देऊ शकत नव्हतो. पाण्याचा घोट सरळ छातीत गेला असता. मी म्हणायचो, "बाबा, झालं. स्वच्छ झालं." ते माझ्याकडे असे पाहत, जणू मी त्यांना खरकट्या ताटावर बसवून ठेवलंय.

आणि स्वच्छ तरी कुठे व्हायचं? सकाळी सगळं काढावं, दुपारी बोट फिरवलं की पुन्हा तो बुळबुळीतपणा लागायचा. आपण फरशी पुसत पुढे जावं आणि मागून कुणी चिखलाच्या पायांनी यावं, तसं. मी रसायनशास्त्राचा माणूस. एखादी गोष्ट संपवण्यासाठी करतो. ही संपणारी नव्हती. बायको म्हणाली, "भांडी तरी कुठे संपतात हो? मी घासतेच ना."

तरी काही आठवडे छाती साफ राहिली. टाळू गुलाबी दिसू लागली. वास गेला. डॉक्टरांनी गिळण्याच्या तपासणीची तारीख दिली तेव्हा बायकोने वरच्या फळीवरून वडिलांची निळ्या काठाची कपबशी काढली, धुतली आणि ओट्यावर पालथी घालून ठेवली. मी येता-जाता तिच्याकडे पाहायचो, आणि पलंगावरून मान वळवली की वडिलांनाही ती दिसायची.

तारखेच्या आधीच ताप आला.

या वेळी डॉक्टरांनी विजेरीने तोंड पाहिलं आणि मान डोलावली. "मुँह अच्छा रखा है आपने." मग छातीची फिल्म उजेडावर धरली. ते हळू बोलत होते. वडील स्वतःची लाळसुद्धा धड गिळू शकत नाहीत. ती झोपेत, जागेपणी, सतत आत झिरपते. तोंड कितीही साफ ठेवलं तरी जंतू शून्य होत नाहीत, आणि त्यांच्या फुप्फुसांत आता तेवढ्यांशीही लढण्याचं बळ नाही. गिळण्याची शक्ती परत येईल असं त्यांना आता वाटत नव्हतं. नळी राहील.

"इसमें आपकी कोई गलती नहीं है," ते म्हणाले. आधी चूक होती आणि आता नाही, पण निकाल तोच.

"चाय?" मी विचारलं. "एक-दो चम्मच? गाढ़ी करके?"

"मुँह से अब कुछ नहीं. चाय भी नहीं."

"तो फिर ये ब्रश, सफाई..."

"वो तो रोज करना है. ताकि अगला बुखार थोड़ा देर से आए."

येणार हे नक्की. फक्त उशिरा. मी मान हलवली आणि औषधाच्या दुकानात जाऊन गॉजची नवीन गुंडाळी घेतली.

परवा दुपारी आत्या आली होती. बायकोने आमच्यासाठी चहा टाकला. आलं जरा जास्त पडलं होतं, वास घरभर गेला. वडील सकाळपासून गुंगीत होते. त्यांनी डोळे उघडले.

"च्या," ते म्हणाले.

आम्ही तिघंही आपापल्या कपांकडे पाहू लागलो. बायकोने कप पदराआड धरला, चोरी पकडल्यासारखा. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, बोटाला गॉज गुंडाळला, माझ्या कपात बुडवला आणि पिळला. पुन्हा पिळला. एक थेंब सुटणार नाही एवढा पिळला. आणि तो त्यांच्या जिभेवरून हळूच फिरवला.

त्यांनी ओठ मिटले. या वेळी चावलं नाही. गॉजला धरून ते नुसते पडून राहिले. डोळे बंद. आजारपण सुरू झाल्यापासून त्यांच्या कपाळावर बसलेली आठी पहिल्यांदाच गेली. आत्या नाक ओढत म्हणाली, "साखर बरोबर आहे का, विचार त्याला."

मी बोट काढून घेतलं.

आणि वडिलांनी गाल फुगवले. डावा हात पुढे आला, पेल्याच्या मापाने वळलेला. मोरीच्या दिशेने मान हलली. इतके महिने सोवळ्यात असलेलं तोंड मी माझ्या हाताने उष्टं केलं होतं, आणि त्यांना चूळ हवी होती.

"दे ना रे," आत्या म्हणाली. "एवढंसं पाणी. एक चूळ भरू दे दादाला."

"देता येत नाही, आत्या."

"अरे, उष्ट्या तोंडाने पडलाय तो!"

"माहीत आहे."

ती उठून मागच्या अंगणात गेली. बायकोने तिन्ही कप उचलले. मी नवीन गॉज कापला, बोटाला गुंडाळला आणि ओलसर करून त्यांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. गाल तसेच फुगलेले होते. हात तसाच पुढे होता. ते पाण्याची वाट पाहत होते.